नर सापडेपर्यंत

एमएस्सीच्या प्रोजेक्टला पालींचे परजीवी घेतले तेव्हा पहिली अडचण ही की पाली आणायच्या कुठून? जिवंत पाल मारायची नाही, हे मॅडमनी आधीच बजावलं होतं. मग आमच्या गिरगावच्या चाळीत सांगून ठेवलं: दाराच्या फटीत चेंगरलेली पाल कचऱ्यात टाकण्याआधी मला हाक मारा. शेजारच्या काकू नाक दाबून कागदाची पुडी पुढे करायच्या, "घे बाई, तुझी पाल!" पुडी ताजी असेल तरच उपयोग. मुंबईच्या दमट उकाड्यात आतडं लगेच सडतं आणि जंत ओळखण्यापलीकडे जातात.

आधी पाल कुठली ते ठरवायचं. शेपटीवर काट्यांच्या रांगा असल्या तर हेमिडॅक्टिलस फ्रेनाटस, पोट पिवळट आणि अंग गुळगुळीत असलं तर फ्लाविव्हिरिडिस. यजमानाचं नाव चुकलं की पुढचं सगळं फुकट.

बाहेरचं काम सोपं. बोटांच्या बेचक्यात, खवल्यांखाली नारिंगी ठिपके दिसले की ते गेकोबिया, म्हणजे पालींवरचे माइट. सुईने अलगद सोडवून ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकायचे, लॅक्टोफेनॉलमध्ये पारदर्शक करायचे. तीन जोड्या पाय असतील तर अळी, चार असतील तर पुढची अवस्था. जातीसाठी मात्र पाठीवरचे आणि पायांवरचे केस मोजत बसावं लागतं.

फुप्फुसात राइलिएटिएला मिळाला तेव्हा मी खूश झाले. दिसतो जंतासारखा, पण नातं कोळंबी-खेकड्यांच्या कुळाशी. तोंडाभोवती आकड्यांच्या दोन जोड्या असतात. जात ठरवताना त्यांचा आकार आणि माप बघतात. तो पालीत येतो झुरळातून, आणि गिरगावात पालींना झुरळांची काय वानवा!

खरा घाम काढला आतड्याच्या शेवटच्या भागातल्या सूत्रकृमींनी. थंड अल्कोहोलमध्ये टाकले की ते वेटोळं करतात, म्हणून अल्कोहोल गरम करून त्यात सोडायचे, सरळ होतात. अन्ननलिकेच्या टोकाला गोल फुगवटा दिसला की फॅरिंगोडोनिडी कुळाचा अंदाज येतो. पण पुढे? माद्या ढिगाने, आणि जातीची मुख्य लक्षणं नराच्या शेपटीत: गुदद्वाराभोवतीचे उंचवटे, स्पिक्यूलची, म्हणजे समागमाच्या सुईसारख्या अवयवाची लांबी, शेपटीचं टोक पाठीकडे वळलेलं की सरळ मागे. नर मादीच्या मानाने इतका बारीक की आतडं धुतलेलं पाणीच ओतून द्याल. मी पेट्री डिशखाली काळा कागद ठेवून ते पाणी थेंब थेंब तपासायचे. एक सीनियर म्हणाला, "मादीवरूनच नाव टाक गं, कोण बघतंय?" असली नावं पुढे यादीत चढतात आणि दुसरा कुणी ती खरी धरून चालतो.

अखेर नर मिळाला. कव्हरस्लिप हलकेच सरकवून त्याला कुशीवर आणलं: टोक पाठीकडे वळलेलं. मादीच्या गर्भाशयातल्या अंड्याचं झाकणही अगदी टोकाला नव्हतं, किंचित बाजूला होतं. म्हणजे गण पॅराफॅरिंगोडॉन. स्पिक्यूलचं माप मात्र वर्णन झालेल्या दोन जातींच्या मध्ये पडत होतं. शिशीवर 'पॅराफॅरिंगोडॉन एसपी.', म्हणजे गण ठरला पण जात नाही, असं लिहिलं, खाली यजमान, अवयव, गिरगाव आणि तारीख. त्याच पालीतल्या थोड्या माद्या डीएनएसाठी शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळ्या ठेवल्या. दोन्ही शिश्या आता विभागाच्या कपाटात आहेत.