उभ्या गाडीचा खर्च

जुनी कॅम्पर व्हॅन का घेऊ नये, याची यादी माझ्या नवऱ्याने एका कागदावर लिहून फ्रिजला लावली आहे. कागद दोन्ही बाजूंनी भरलाय. घ्यावी असं म्हणणारा मुद्दा एकच आहे, 'हिला हवी आहे', आणि तोही पेन्सिलीने लिहिलेला.

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. रत्नागिरीकडच्या एका हौशी गृहस्थांनी आतल्या सीटा काढून पलंग, दीड हाताचा ओटा, सिंक आणि छताला पंखा बसवलाय. कॅम्पर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फोक्सवॅगनची गोल नाकाची, दोन रंगांची व्हॅन येते. पण 1949 मध्ये हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याने मॅटाडोर काढली, ती फोक्सवॅगनचंच इंजिन घालून. त्या मॅटाडोरची पुढची पिढी परवान्यावर आपल्या आकुर्डीला आली आणि वऱ्हाडं, दुधाचे कॅन, शाळेची पोरं असं मिळेल ते वाहत राहिली. ट्रॅव्हलर त्याच घरातली. त्यामुळे फोक्सवॅगनपुढे तिने मान खाली घालावी असं मला वाटत नाही. जुनं का होईना, नातं आहे.

गाडी बघायला आमचे गॅरेजवाले भाऊ बरोबर आले होते. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, त्यावर तळवा धरला, वाफ किती मारते ते पाहिलं. मागे जाऊन धुराचा रंग पाहिला. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, तो बरा. निळा म्हणजे गाडी ऑइल पितेय, तो वाईट. आमचा काळा निघाला. मग खिशातून लोहचुंबक काढून ते दारांच्या खालच्या कडेने फिरवत गेले. चुंबक चिकटत होता तिथे पत्रा होता, सुटत होता तिथे नुसती पोटीन आणि वर रंग. कोकणातली खारी हवा आणि तिथला पाऊस, दुसरं काय होणार! सिंकखालची फळी उचलली तर तिथला पत्रा बोटाने दाबला जात होता.

"वहिनी, इंजिनचं मी बघतो," भाऊ म्हणाले, "पत्र्याचं देव बघेल."

टायर मात्र छान काळेभोर, नक्षी शाबूत. मी खूश झाले, तर भाऊंनी कडेवरचे चार आकडे दाखवले: 2314. म्हणजे 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. न झिजता नुसता म्हातारा झालेला. रबराला बारीक भेगा होत्या.

अशा गाडीचं खरं दुखणं मला तिथे कळलं. रोजची गाडी चालून झिजते, कॅम्पर उभी राहून. वर्षातले बहुतेक दिवस ती कुठेतरी कडेला उभीच असणार. तेवढ्यात बॅटरी उतरते, रबरं कडक होतात, उंदीर वायरी कुरतडतात, छताच्या झरोक्याभोवतीचं सील फाटून पाणी आत येतं आणि ते कळतं थेट गणपतीत. आमच्या सोसायटीच्या तळघरात तिची उंची मावत नाही. वर, पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये ती कायमची उभी राहिली तर सेक्रेटरी काय म्हणतील, हा यादीतला सातवा मुद्दा आहे.

आतल्या संसाराचा हिशेबही गमतीचा आहे. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर अठराशे वॉट-तास. साधी असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर ती लवकर मरते. तेवढ्यात पंखा रात्रभर मजेत फिरतो, पण इंडक्शनवर वरणभात लावला तर अर्ध्या तासात काम तमाम. तेव्हा पाच किलोचा सिलिंडर आलाच. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वजन वाढतं, म्हणजे घाट चढताना आपण एक धडधाकट पाहुणा घेऊन चाललेलो असतो, जो दोघांच्या चार आंघोळींत संपतो.

कागदपत्रं हा नवऱ्याचा प्रांत. सीटांच्या जागी पलंग आला तो आरसीवर चढलाय का? नसेल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं आणि विमावाल्यांना हात झटकायला निमित्त मिळतं. पंधरा वर्षं उलटली की खासगी गाडीचं पुन्हा पासिंग, पर्यावरण कर, मग पुढची पाच वर्षं. एवढ्या पैशांत दर वर्षी चांगल्या हॉटेलात किती रात्री राहता येईल, हे त्याने कागदाखाली लिहून त्याला चौकट केली आहे. चौकट मला मान्य आहे.

पण मला गाडी हॉटेलचा खर्च वाचवायला नकोच आहे. लहानपणी आम्ही कुठेही गेलो तरी हॉटेलात राहिलो नाही. कोल्हापुरात काका, मिरजेत मावशी, सोलापुरात कोणीतरी मानलेले मामा. गाद्या हॉलभर पसरायच्या आणि कोण कुणाच्या पांघरुणात आहे ते सकाळी कळायचं. आता सगळ्यांचे टू बीएचके आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत, गुडघे दुखताहेत. दुपारी जेवून निघालं की दोन्हीकडच्यांना हायसं वाटतं, हे आपण बोलत नाही एवढंच. पलंग आपला आपण घेऊन गेलो, तर रात्री अकरापर्यंत गप्पा मारून खाली झोपायला जाता येईल. कुणाला चादरी काढाव्या लागणार नाहीत. मला गाडी हवी आहे ती एवढ्यासाठी.

हे मिरजेच्या मावशीला फोनवर सांगितलं, तर ती भडकलीच. "माझ्या दारात येऊन गाडीत झोपणार? गल्लीतले म्हणतील, भाचीला घरात घेतलं नाही!" माझं सगळं तत्त्वज्ञान तिथेच आडवं झालं. हॉटेलात उतरले असते तरी तिला एवढं लागलं नसतं.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. गाडीत माणसं किती झोपतात? तिघं का? दाराची पायरी किती उंच आहे? तिला गाणगापूरला जायचंय, आणि एसटीत रात्री पाय लांब करता येत नाहीत.

पायरी गुडघ्याच्या वर आहे. खाली एक जादा फूटबोर्ड लावून मिळेल का, असं भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "लावू की. पण तो ज्या पत्र्याला लावायचा, तो आधी नवा घालावा लागेल."

तो खर्च मी फ्रिजवरच्या यादीत लिहिला. पेनने.