क्ष⁴ + ४ ची फोड आणि त्यातून निघालेली बेरीज

पूर्ण वर्ग करण्याचा सराव बराच झाला, आता त्याच्याच पुढच्या युक्तीवर आहे: राशीत एखादे पद मिळवायचे आणि तेच वजा करायचे. किंमत बदलत नाही, रूप मात्र पार बदलते.

सुरुवात क्ष⁴ + ४ पासून. ४क्ष² मिळवून वजा केले की (क्ष² + २)² − (२क्ष)² होते, म्हणजे सरळ वर्गांचा फरक. अवयव पडतात (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २). ही नित्य समानता सोफी जर्मेन (१७७६–१८३१) या फ्रेंच गणितीच्या नावाने ओळखली जाते. १०००४ मध्ये क्ष = १०, म्हणून ते १२२ × ८२. क्ष हा १ पेक्षा मोठा पूर्णांक असेल तर लहान अवयवही १ पेक्षा मोठाच असतो, त्यामुळे अशी संख्या मूळ असूच शकत नाही.

इथपर्यंत पुष्कळांना माहीत असते. मला खरी गोडी लागली ती पुढे. तेच अवयव (क्ष + १)² + १ आणि (क्ष − १)² + १ असे लिहा. त्यांची वजाबाकी बरोबर ४क्ष येते! म्हणजे

क्ष/(क्ष⁴ + ४) = ¼ [ १/((क्ष − १)² + १) − १/((क्ष + १)² + १) ]

आता क्ष = १, २, ३… असे ठेवत अनंतापर्यंत बेरीज करा. प्रत्येक वजा पद दोन घरे पुढच्या अधिक पदाशी कटते, उरतात फक्त १ आणि १/२. उत्तर ३/८. मूळ रूपाकडे कितीही वेळ पाहिले तरी हे सुचले नसते. क्ष/(क्ष⁴ + क्ष² + १) ची बेरीजही अशीच निघते, १/२ येते. जरूर करून पाहा.

मग सर्वसाधारण रूप घेतले: क्ष⁴ + पक्ष² + फ². पूर्णांक सहगुणकांत ही युक्ती चालायची तर २फ − प हा पूर्ण वर्ग हवा, आणि फ ची दोन्ही चिन्हे तपासायला हवीत. क्ष⁴ − ३क्ष² + १ मध्ये फ = १ घेतल्यास ५ येतात, जमत नाही. फ = −१ घेतल्यास १ येतो आणि (क्ष² + क्ष − १)(क्ष² − क्ष − १) मिळते. क्ष⁴ + १ मात्र दोन्हीकडून अडते. तिथे √२ ला बोलवावेच लागते.

पुढे क्ष³ चे पद असलेल्या चौथ्या घाताच्या बहुपदी घेणार आहे. कोणी त्यात काम केले असेल तर मिळवायचे पद कसे ठरवता ते लिहा.