आमची वाटचाल: तूर, रोलर आणि गारपिटीचं वर्ष

दारव्हा तालुक्यातली आमची डाळ मिल सुरू झाली ती पीकेव्ही मिनी डाळ मिलवर. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेलं हे यंत्र. त्याचा एमरी रोलर, म्हणजे तुरीची साल ओरखडणारा खरखरीत दगडी थराचा रूळ, हा मिलचा जीव. धार गेली की साल नुसती घासली जाते, ओरखडा पडत नाही, मग साल सुटावी म्हणून लावलेलं तेल मुरत नाही आणि पुढचं ऊन वाया जातं. रोलरमधून निघालेले दाणे तळहातावर घेऊन उजेडात फिरवा. प्रत्येकावर बारीक पांढरी रेघ दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर तूर ओतणं थांबवा.

ओरखडलेल्या तुरीला क्विंटलमागे 200 ते 500 ग्रॅम तेल, रात्रभर झाकलेला ढीग, ओट्यावर उन्हं, पाण्याचा हबका, पुन्हा ढीग. डाळवाल्यांना हे सांगायला नको.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने वावरातला गहू-हरभरा झोपवला आणि आमच्या ओट्यावरची तेल दिलेली तूर भिजवली. ताडपत्र्या होत्या, गारांनी फाटल्या. साबूत तूर भिजली तर वाळवता येते. ओरखडलेल्या तुरीत पाणी थेट आत शिरतं, दाणा फुगतो, सालीखालचा डिंक पुन्हा चिकट होतो. वरून कोरडी दिसते, आत ओल राहते. मिलमध्ये घातली की साल सुटत नाही, कडा मात्र झडतात. एरवी क्विंटलला 70 ते 75 किलो डाळ पडते, त्या मालाची बरीचशी चुनीच, म्हणजे तुकडे आणि भुकटीच झाली.

त्याहून जास्त लागलं ते ठोक व्यापाऱ्याचं वागणं. शेडमध्ये सुरक्षित असलेली फटका डाळही (साल निघालेली, स्वच्छ फुटलेली चांगली डाळ) त्याने भिजक्या मालाच्या भावात मागितली. नमुन्याची पुडी न उघडताच परत केली. ते अजून सलतं.

गावातल्या खानावळवाल्या मावशींनी मात्र तीच डाळ मूठभर शिजवून पाहिली. फेस, वास, शिजायचा वेळ, सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "डाळ चांगली हाये, दोन कट्टे पाठवून द्या." त्यांचं खातं आमच्या वहीत आजही पहिल्या पानावर आहे.

नवीन मिलवाल्यांनी एवढं करावं. माल भिजला त्या रात्री मिल चालवू नका. नुकसान भरून काढायच्या घाईत ओला माल रोलरवर जातो आणि उरलेलाही हातचा जातो. तूर पातळ पसरा, सारखी उलटा, वास येणारा ढीग वेगळा काढा. भिजका माल चांगल्यात मिसळू नका, नाहीतर चांगल्याचाही भाव जातो. चुनी ढोरांना चालते, पण बुरशी धरली असेल तर तीही देऊ नका.

आणि नुकसान एका आकड्यात लिहू नका. पावसाचं वेगळं, मशीनचं वेगळं, भावाचं वेगळं मांडा. 2016-17 च्या हंगामात बाजारात तूर क्विंटलला 5050 रुपयांच्या हमीभावाखाली गेली, तेव्हा आमच्या कामगारांचे चेहरे उतरले होते. वही उघडून दाखवली: डाळीचा उतारा, म्हणजे क्विंटलमागे पडणारी डाळ, नेहमीसारखाच होता, घट सगळी भावाच्या रकान्यात. दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर कामावर आले आणि रोलरला नवी धार लावून घेतली.