‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पुढे का सरकत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

विचारणारे बहुतेक जण पहिल्या दीड-दोनशे पानांत अडकलेले असतात. चित्रपट आवडले म्हणून पुस्तक घेतलं, आता ते रेटवत नाही. वाचत राहावं की ठेवून द्यावं?

कादंबरी संथ आहे, हे खरंच. पण कंटाळ्याच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या जागी पुढच्या गोष्टीची पेरणी चाललेली असते. टॉल्किननी ही सलग एक कादंबरी म्हणून लिहिली. १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत निघाली. आत भाग सहा, प्रकरणं ६२.

सुरुवातीचं हॉबिटांच्या, म्हणजे कथेतल्या बुटक्या जमातीच्या, चालीरीतींचं आणि तंबाखूचं प्रास्ताविक खुशाल सोडा. ‘द हॉबिट’ वाचलेलं नसेल, तर प्रास्ताविकातला अंगठी सापडल्याचा भाग तेवढा वाचा; ती अंगठी नष्ट करायची, हीच पुढची सगळी कथा. पहिल्या भागातली सहा ते आठ ही प्रकरणं सगळ्यांत जास्त वाचक गमावतात. टॉम बॉम्बाडिल येतो, गातो, अंगठीचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही, आणि तो कथेतून जवळजवळ नाहीसा होतो. इथे रचना सैल आहे, असंच माझं मत. तरी आठवं प्रकरण गाळू नका. त्यात थडग्यातून मेरी या हॉबिटाच्या हाती जो खंजीर येतो, तोच पाचव्या भागात विच-किंगवर, म्हणजे शत्रूच्या सेनापतीवर, चालतो, आणि दुसऱ्या कुठल्याही पात्याने ते काम झालं नसतं.

एलरॉन्डच्या घरची सभा म्हणजे एक अख्खं प्रकरण नुसतं बोलणं. दोन बैठकांत वाचा. जादूगार गॅन्डाल्फ सारुमानबद्दल सांगतो तिथे मात्र घाई नको. फितूर जादूगार सारुमान आणि अंगठीचा मालक, मूळ शत्रू सॉरॉन हे दोघे वेगळे, हे तिथेच पक्कं करून घ्या. स्ट्रायडर, अ‍ॅरागॉर्न, एलेसार ही मात्र एकाच माणसाची नावं. गाणी चाळलीत तरी कथा तुटत नाही.

तिसऱ्या भागात अंगठी नेणारा हॉबिट फ्रोडो अजिबात नाही, चौथ्यात बाकीचे नाहीत. चौथ्याच्या शेवटी फ्रोडो पकडला जातो आणि पाचव्याची दहाच्या दहा प्रकरणं त्याचा पत्ता लागत नाही. काही जण परिशिष्टातल्या तारखा पाहून प्रकरणं कालक्रमाने लावून वाचतात. पहिल्या वाचनात हे करू नका. पाचव्या भागाच्या शेवटी शत्रूचा दूत फ्रोडोचं चिलखत दाखवतो. फ्रोडोची सुटका आधीच वाचलेली असेल, तर त्या प्रसंगातली भीती उरतच नाही.

काही उणिवांचं मात्र समर्थन करवत नाही. एओविन सोडली तर स्त्रिया फार थोडा वेळ दिसतात. आर्वेनची कहाणी चक्क परिशिष्टात आहे. शत्रूच्या सैन्यातल्या ऑर्कांना सदसद्विवेकाची संधीच मिळत नाही, आणि दया या विषयावर उभ्या असलेल्या कादंबरीत हे विशेष खटकतं.

कारण सगळा डोलारा दयेवरच आहे. दुसऱ्याच प्रकरणात फ्रोडो म्हणतो, अंगठी सापडली तेव्हाच बिल्बोने तिच्या आधीच्या धन्याला, गॉलमला, मारायला हवं होतं. गॅन्डाल्फ त्याला थांबवतो. ते संभाषण लांबलंय असं वाटतं खरं. पण अखेरच्या कड्यावर फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो, ती आपली म्हणतो, आणि काम पुरं होतं ते जिवंत राखलेल्या गॉलममुळे. इतका मोठा प्रवास करून नायक ऐन क्षणी हरतो, आणि लेखक त्याला कमी लेखत नाही. यासाठी मला ही कादंबरी थोर वाटते.

अंगठी नष्ट झाल्यावरही सहा प्रकरणं उरतात. ती लांबण नाही. चित्रपटात गाळलेली शायरची, म्हणजे हॉबिटांच्या मुलखाची, नासधूस तिथेच आहे, आणि फ्रोडोची न भरणारी जखमही.

तेव्हा नवव्या प्रकरणातल्या ब्रीच्या सराईपर्यंत नेटाने जा. पुढच्याच प्रकरणापासून स्ट्रायडर सोबतीला येतो आणि वेग वाढतो. दुसऱ्या भागातलं चौथं आणि पाचवं प्रकरण, म्हणजे मोरिया, वाचा. तिथेही मन गुंतलं नाही, तर पुस्तक निःसंकोच बाजूला ठेवा.