ग्लासातलं पाणी

मेकॅनिकने डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल केला, चहाच्या काचेच्या ग्लासात थोडं डिझेल काढलं आणि उजेडात धरलं. वर पिवळसर डिझेल, तळाला बोटभर नितळ पाणी!

जूनपासून आमची कॅम्परव्हॅन धनकवडीत ताडपत्रीखाली उभी. दर रविवारी दहा मिनिटं स्टार्ट करायचो, वर त्याचा कोण अभिमान.

"काका, टाकी पावच भरलेली. वरच्या रिकाम्या जागेत पावसाळी हवा, तिचंच हे पाणी. फुल करून ठेवायची ना! दहा मिनिटांत इंजिन धड तापत नाही की बॅटरी भरत नाही. अर्धा-पाऊण तास कात्रज घाटातून फिरवून आणा, नाहीतर बॅटरीची वायर काढून सरळ झोपू द्या तिला."

डिझेल महाग म्हणून टाकी तशीच ठेवणारा मीच. (हे बायकोसमोर निघालं, ते जास्त लागलं.)

टायरही एका बाजूने दबलेत. आज संध्याकाळी घाटात कोण कोण येतंय?