कधी तुपाशी, कधी उपाशी: धरसोड माणूस मनातून का जात नाही

चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी रात्री साडेअकराला ‘जागी आहेस?’ एवढंच येतं आणि चार दिवसांचा राग कुठल्या कुठे जातो. मैत्रिणी स्वाभिमान काढतात. पण इथे खरी कमाल बक्षिसाच्या वेळापत्रकाची असते.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत कबुतरांना दर टोचीला दाणा मिळायचा तेव्हा दाणे थांबले की ती लवकर नाद सोडायची. कधी तिसऱ्या, कधी तिसाव्या टोचीला मिळायचा तेव्हा मात्र दाणे बंद झाल्यावरही टोचतच राहायची. २००३ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या गटाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशी (बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेलं रसायन सोडणाऱ्या पेशी) तपासल्या. बक्षिसाची शक्यता निम्मी असताना, निकालाची वाट बघण्याच्या काळात, त्या पेशींची सक्रियता सर्वांत जास्त वाढत गेली.

म्हणून नुसती अनिश्चितता मोहक असते असं नाही. मानसशास्त्रज्ञ गुरित बिर्नबाउम आणि हॅरी रीस यांच्या २०१८ च्या प्रयोगांत उघडपणे रस दाखवणारी माणसंच जास्त आकर्षक ठरली. माझ्या मते, ओढ लागायला आधी भरपूर माया मिळावी लागते आणि मग ती बेभरवशाची व्हावी लागते. ‘सुरुवातीला किती छान होता’ हे वाक्य म्हणूनच सुटत नाही.

निर्णयाआधी तीन आठवडे वहीत नोंद ठेवा: संपर्क कोणी केला, ठरलेली भेट झाली का, त्या रात्री झोप कशी लागली. त्याच दिवशी लिहा. आठवड्याने लिहिलंत तर फक्त चांगले दिवस आठवतात. कामात बुडालेला माणूस वेगळा. नाइट ड्यूटीवाला डॉक्टरही ‘रविवारीच बोलू’ म्हणतो आणि रविवारी बोलतो.

संपर्क तोडल्यावर तगमग आधी वाढते, समोरून मेसेजही वाढतात. बहुतेक जण इथेच घसरतात. बाराव्या दिवशी ‘शेवटचं एकदा बोलते’ म्हणून उत्तर दिलंत, तर बारा दिवस तग धरला की दाणा मिळतो हे मेंदू शिकतो. पुढची खेप आणखी लांबते. उत्तर न देता रोज स्टेटस बघणं हाही दाणाच. ब्लॉक करा. एकाच ऑफिसात असाल तर चॅट म्यूट करून फक्त कामापुरतं, ठरावीक वेळी उत्तर द्या. (धमक्या किंवा मारहाण असेल तर हे एकट्याने करू नका, सोडून जाण्याचा काळ जास्त धोक्याचा असतो. महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे.)

नंतर भेटलेला सरळ माणूस आधी अळणी वाटतो. धाकधूक नाही, त्यामुळे सुटकेचा तो झटकाही नाही. चार-पाच भेटी होईपर्यंत ‘स्पार्क नाही’ म्हणून त्याला नाकारू नका.