परंड्याकडं मदत घेऊन जाताय? जुने कपडे घरीच ठेवा

सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर लातूरहून धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात सामान घेऊन गेलो होतो. जे आता निघतायत त्यांच्यासाठी लिहितोय. मुरूड-येडशी-बार्शी करत परंड्यापर्यंत रस्ता ठीक आहे. पुढं सीना नदीकाठच्या गावाकडं वळलं की नुसता काळ्या मातीचा राडा, नळकांडी पूल खचलेला, आणि आम्हाला फोनवर सांगितलं होतं गाडी थेट शाळेपर्यंत जाते. कुठली जाते! पिकअप आसापर्यंत रुतला, मग एका ट्रॅक्टरवाल्यानं जेमतेम दोन किलोमीटरचे 3,000 घेतले, लोकांच्या घरात चिखल असताना असा धंदा करणं मला अजून पचलेलं नाही. भाडं आधीच गावातल्याच माणसाकडून पक्कं करून घ्या.

शाळेच्या ओट्यावर ओल्या कपड्यांचा ढीग होता, जीन्स, फाटके स्वेटर, त्यावर कुत्री बसलेली. बायका हळूच परकर, आतले कपडे, पॅड मागत होत्या. ते एकाही टेम्पोत नव्हतं.

सगळ्यात जास्त राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आला. पडकी घरं दिसतात म्हणून सगळे टेम्पो नदीकाठी जातात, माणसं तर वरच्या गावात सोयऱ्याधायऱ्यांकडं आहेत, एकेका घरात तीन-तीन कुटुंबं. तिथं एका आजीनं ज्वारीच्या पिठाचा डबा उघडून दाखवला, तळाला मूठभर पीठ. "पाव्हण्याला उपाशी कसं झोपवू बाबा?" म्हणाली. तिच्या घरात पाणी शिरलं नाही म्हणून तिचं नाव कुठल्याच यादीत नाही. 2017 नंतर म्यानमारमधून रोहिंग्या निर्वासित आले तेव्हा बांगलादेशात उखिया-टेकनाफच्या स्थानिकांनाही मदतीत वाटा द्यावा लागला, कारण विहीर, सरपण, मजुरी सगळ्यावरच ताण येतो. म्हणून सरळ सांगतो, निम्मं सामान पूरग्रस्तांना ठेवून घेणाऱ्या घरांना द्या.

पाण्याचं बघा. आपत्तीत माणशी रोज किमान 15 लिटर पाणी आणि सुरुवातीला 50 जणांमागं एक संडास असा जगभर हिशोब धरतात, इथं अख्ख्या शाळेला एकच चालू संडास. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, झाकणाच्या बादल्या, कडबा न्या. बिस्किटं पुरे झाली.

आणि जमलं तर लॅपटॉप-प्रिंटरवाला एक पोरगा सोबत घ्या. दुभती गाय-म्हैस दगावली तर 37,500 मिळतात पण पंचनामा आणि कागद लागतात, आणि लोकांचे आधार-पासबुक भिजून लगदा झालेत. सातबारा तिथंच काढून द्या.